हुंकार मोजणाऱ्या सभेतला माइक

मी सभागृहाच्या मधल्या वाटेत उभा असलेला माइक बोलतोय. स्वतःचं असं आज पहिल्यांदाच बोलतोय. एरवी दुसऱ्याचं पोचवायचं, तेही बटण चालू असेल तर. आणि बटण माझ्या हातात नाही.

कारखान्यातून आम्ही भावंडं एकत्रच निघालो. बाकीच्यांचं नशीब फळफळलं, ती टेबलावर गेली, कंपन्यांच्या साहेबांपुढे. मला काठीवर चढवून वाटेत उभं केलं, 'इतरांसाठी'. इथे इंटरनेटचे नियम ठरतात. नियम सगळ्यांना, खुर्च्या मात्र कंपन्यांच्या माणसांनी भरलेल्या. संस्थांची, गावांची माणसं माझ्यापुढे रांग लावतात. घसा खाकरतात, माझ्या डोक्यावर टकटक करतात (अहो, लागतं!), आणि मुद्द्यावर येतात तोवर वेळ संपते.

गेल्या वर्षी डोंगरातल्या एका दवाखान्याची नर्स आली होती. "आमच्याकडे एकही कंपनी फिरकत नाही, म्हणून गावानं मिळून स्वतःचं इंटरनेट उभं केलंय. त्यावरूनच शहरातले डॉक्टर आमचे पेशंट बघतात," ती म्हणाली. यापुढे इंटरनेट फक्त मोठ्या कंपन्यांनीच पुरवायचं, असा नियम येऊ घातला होता. "असं नका हो करू," ती म्हणाली आणि माझं बटण बंद झालं. तिचे ओठ हलतच राहिले. माझा जीव तुटला, पण करतो काय?

निर्णय यंदा झाला. आमच्याकडे हात वर करत नाहीत. सगळ्यांनी तोंड मिटून 'हंऽऽ' करायचं, ज्या बाजूचा हुंकार मोठा ती बाजू जिंकली. जुनी पद्धत आहे आणि इथल्या लोकांना तिचं भारी कौतुक! नर्सला रजा मिळाली नव्हती. ती पडद्यावर होती, मागे दवाखान्यात अख्खं गाव दाटीवाटीनं उभं. त्यांचा आवाज सभेत यावा म्हणून साउंडवाल्या काकांनी मला स्पीकरपुढे धरलं.

"नियम हवा?" अध्यक्षांनी विचारलं. सभागृह घुमलं.

"नको?" इकडून तिकडून चार-दोन हुंकार आले. पडद्यावर नर्सच्या गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या, म्हातारी माणसं डोळे मिटून, पोरं गाल फुगवून हुंकार देत होती. आणि स्पीकरमधून? काही म्हणजे काही नाही!

काकांनी कपाळावर हात मारून घेतला. पडद्यावरच्यांचा आवाज सभेत आणणारं सॉफ्टवेअर टेबलावरच्याच एका कंपनीनं भेट दिलेलं. बोलणं तेवढं ठेवायचं, पंख्याची घरघर पुसून टाकायची, ही त्याची करामत. त्यानं अख्ख्या गावाला पंखा समजून पुसून टाकलं.

"साहेब, थांबा जरा, त्यांचा आवाज मधेच अडकतोय," काका म्हणाले.

"ऐकू आला नाही तो कसा धरायचा?" अध्यक्ष म्हणाले. नियम मंजूर.

"आम्ही केला हो! सगळ्यांनी केला!" नर्स ओरडली. हे मात्र अगदी स्वच्छ ऐकू आलं.

"ताई, पुढचा विषय सुरू झालाय. तक्रार पुढच्या सभेत मांडा."

आज ती पुढची सभा आहे. तिचाच विषय पहिला. काकांनी ती पुसापुशी सकाळीच बंद केली आणि मला स्पीकरपुढे धरलं. पण पडदा काळाच. नियम लागू झाला, गावाचं इंटरनेट बंद झालं, मग ती बोलणार कशी? अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि सांगितलं, "लिहा, तक्रारदार गैरहजर."

अहो, असं नका लिहू. तिला बोलायचंय हो, मला ठाऊक आहे! पण माझं कोण ऐकतंय? टेबलावरचे माइक चालू झालेत. काका अजून मला स्पीकरपुढे धरून उभे आहेत.