शेवटची घागर

व्यंकटीनं विहिरीच्या राखणीचं काम घेतलं तेव्हा गावानं एकच अट घातली होती. राखणदाराच्या घरची घागर सगळ्यांच्या मागून भरायची. व्यंकटी पडला इमानाचा गडी. त्यानं ती अट अशी पाळली की त्याची बायको यशोदाबाई घरातसुद्धा सगळ्यात मागं राहायला शिकली. छातीत गाठ लागली तरी म्हणाली, "तुमची राखण संपू द्या, मग जाऊ लातूरला." आणि हा शहाणा "बरं" म्हणाला!

लातूरला रेल्वेनं पाणी आलं तो उन्हाळा. राखण संपायच्या आधीच तिला दुखणं सोसवेना झालं. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडावर धरला. रोग हाडात पोचला होता. यशोदाबाई बाहेर बाकड्यावर बसलेली.

"पण मॅडम, अंगात रोगाशी लढणाऱ्या पेशी असत्यात म्हणं?" व्यंकटीनं विचारलं.

"असतात ना. पण गाठ त्यांना फितवते. मग त्यातल्याच काही तिच्याभोवती बसून राहतात, तिला रक्तात शिरायला वाट करून देतात."

"राखणदारच?"

"हो."

"आधी आणलं असतं तर?"

बाईंनी फोटो खाली ठेवला. "लवकर आलात तर जास्त करता येतं. आता औषधं देऊ. रोग काही काळ आवरून धरता येईल, पुरता जाणार नाही."

व्यंकटीला रडू यायला हवं होतं. काहीच आलं नाही. परतीच्या जीपमध्ये माणसं उदगीर जिल्हा होणार की न्हाई यावर हमरीतुमरीवर आली होती. हा दोन्ही बाजूंना मान हलवत बसला. मग बायकोला म्हणाला, "हाडात गेलंय." तिनं "हं" केलं नि पदर सारखा केला.

संध्याकाळी विहिरीवर रांग लागली. यशोदाबाई शेवटी उभी.

"यशोदे, पुढं ये," व्यंकटी ओरडला. शेजारची चांगुणाबाई बाजूला सरकली.

"न्हाई. सगळ्यांचं होऊ द्या."

"ये म्हणतो ना! खड्ड्यात गेली ती अट!"

ती जागची हलली नाही. तो एकेकीला पोहरा ओढून देत राहिला. तिची पाळी आली तेव्हा पोहऱ्यात नुसता गाळ वर आला. व्यंकटी तो हातात धरून तसाच उभा राहिला.

यशोदाबाईनं घागरीच्या तोंडावर पदर ताणला.

"ओता की," ती म्हणाली. "गाळून घेते."