साकवावरची ओली पावले

मित्रांनो, मी एक जुना साकव आहे. साकव म्हणजे ओढ्यावरचा छोटा लाकडी पूल. निसर्ग उद्यानाच्या अगदी आतल्या टोकाला, बांबूचे बन संपते आणि ओढा वळण घेतो तिथे, मी कित्येक वर्षे आडवा पडलो आहे.

मोडीत निघालेल्या एका कारखान्याच्या छपराच्या तुळयांतून दोन सुतार भावांनी मला घडवले. शेवटची फळी ठोकल्यावर धाकटा माझ्यावर धपाधप उड्या मारू लागला. थोरला काठावरून म्हणाला, "नाच, नाच! पडलास तर पाणी गुडघ्याएवढंच आहे." मी तसूभरही हललो नाही. त्या दिवशी मला किती अभिमान वाटला म्हणून सांगू!

माझ्या पलीकडे पक्षी पाहण्याची झोपडी होती. तिकडे जाणारे सगळे माझ्यावरूनच जात. मुले वाकून मासे शोधत, म्हातारी माणसे माझ्या कठड्याला टेकून दम खात. पण पुढे माझ्याकडे बघायला कुणाला सवड राहिली नाही. फळ्यांवर शेवाळ धरले. कठड्याच्या सांध्यांत पाणी मुरले आणि लाकूड आतून भुसभुशीत झाले. एकदा कुणी बडे पाहुणे येणार म्हणून उद्यानाच्या साहेबांनी रंगाऱ्याला पाठवले. त्याने कुजक्या लाकडावरच हिरव्या रंगाचे दोन हात मारले. साहेब खूश झाले. "वा! अगदी नव्यासारखा दिसतोय." मित्रांनो, त्या कौतुकाने माझ्या अंगावर काटा आला.

त्यानंतरच्याच पावसाळ्यात तीन मैत्रिणी आल्या. एक बसमध्ये कंडक्टर, दुसरी इस्पितळात नर्स आणि तिसरी बालवाडीची बाई. तिसरीला या दोघी शाळेपासून भिंगरी म्हणत, कारण तिचा पाय एका जागी ठरत नसे. तिघींची सुट्टी फार दिवसांनी एकत्र जुळली होती, म्हणून पाऊस असूनही बेत मोडला नव्हता.

"चला, चला, पुढे सरका! मागे गर्दी आहे!" नर्सपाठोपाठ माझ्यावर पाय ठेवताच कंडक्टरबाई ओरडली. मागे भिंगरीशिवाय कुणीच नव्हते. तिघी हसत पलीकडे गेल्या. झोपडीत बसून त्यांनी थर्मासमधला चहा प्यायला. त्यांचे हसणे मला पावसातूनही ऐकू येत होते.

मग वरच्या अंगाला पाऊस कोसळला. ओढा गढूळ होऊन फुगू लागला. उद्यानाच्या रखवालदाराने अलीकडून शिट्टी फुंकली आणि हात हलवून त्यांना बोलावले. त्या निघाल्या तोवर पाणी माझ्या फळ्यांना लागले होते. पुढे कंडक्टरबाई, मध्ये नर्स, शेवटी भिंगरी. नर्सने तिचा हात घट्ट धरला होता. मध्यावर वाऱ्याने नर्सच्या रेनकोटची टोपी डोळ्यांवर आली. ती सारखी करायला तिने हात सोडला. तेवढ्यात शेवाळावरून भिंगरीचा पाय सटकला. तिने माझा कठडा धरला, आणि तो तिच्या मुठीत तुटून आला.

ती ओरडलीसुद्धा नाही.

"भिंगरे?" नर्सने मागे वळून हाक मारली. मागे नुसता पाऊस होता.

दुसऱ्या दिवशी खालच्या वळणावर ती सापडली. हिरव्या कठड्याचा तुकडा अजून तिच्या मुठीत होता.

माझ्या दोन्ही टोकांना दोर बांधले गेले. 'पूल बंद' अशी पाटी लागली. आणि तेव्हापासून, पाऊस लागला की पलीकडून पावले येऊ लागली. ओली, चटचट पडणारी, हलकी पावले. दिसत कुणीच नसे, पण माझ्या फळ्यांना वजन कळते. ती कठडा तुटला होता तिथवर येत आणि थबकत. बराच वेळ तिथेच उभी राहत. मग मागे फिरत.

रखवालदारालाही ती ऐकू येत. पहिल्यांदा तो घाबरून पळाला होता. पुढे मात्र छत्री धरून काठावर उभा राही आणि हळूच म्हणे, "ताई, पूल बंद आहे. तिकडेच थांबा."

काही वर्षांनी त्या पावलांची गोष्ट उरलेल्या दोघींच्या कानावर गेली आणि एका पावसाळी दुपारी त्या आल्या. नर्सने दोर उचलला तसा रखवालदार आडवा आला. "पूल बंद आहे, बाई."

"म्हणूनच ती तिकडे अडकलीय," नर्स म्हणाली आणि माझ्यावर चढली.

कंडक्टरबाईचा आवाज फाटला. "सिस्टर, मागे फिर! तूही गेलीस तर मी कुणाकडे बघायचं गं?"

माझी एकेक फळी करकरत होती. मी उरलासुरला जीव एकवटून तिला तोलून धरले. त्याच वेळी पलीकडून ती पावले आली आणि थबकली. नर्सने रिकाम्या हवेत हात पुढे केला.

"चल, भिंगरे. या वेळी नाही सोडणार."

ती एका कडेने, शेजारी जागा ठेवून, परत निघाली. मित्रांनो, मी खोटे कशाला सांगू? माझ्यावर दोघींचे वजन होते. काठाजवळ एक फळी कडाडली आणि नर्सचा पाय आत गेला. कंडक्टरबाईने चिखलात पालथे पडून तिचा हात पकडला. मग क्षणभर थांबून तिने आपला दुसरा हातही पुढे केला, जिथे कुणीच दिसत नव्हते.

नर्स वर आली. माझ्यावरचे सगळे ओझे उतरले. त्या दोघी चिखलात बसून रडल्या, आणि मग कोण जाणे कशाने, हसत सुटल्या. रखवालदाराने छत्री मिटून मान खाली घातली.

आता मला उतरवणार आहेत म्हणे. त्याचे मला दुःख नाही. तुम्हाला एवढेच सांगायचे आहे, की पुलाचा रंग पाहून भुलू नका, कठडा हलवून बघा. कुजलेले दिसले तर झाकू नका, बदला. आणि पावसात सोबत्यांबरोबर निघालात तर सगळ्यात मागे कोण चालले आहे, ते वळून वळून पाहत जा.

आज सकाळपासून झड लागली आहे. पलीकडून कुणीही येत नाही. तरी पावसाचा जोर वाढला की माझी फळी न् फळी कान देऊन असते.