वरचा मजला

आठ दिवसांसाठी आलेलं माणूस दीड वर्ष हलत नाही म्हटल्यावर कुणाचंही डोकं फिरेल. रेखावन्सं, म्हणजे माझी नणंद, नागपूरच्या आमच्या दोन खोल्यांत तशाच ठाण मांडून बसल्या होत्या. बहिणीपुढे ह्यांची वाचाच बसते. शेवटी दोन हजार चारच्या मे महिन्यात मी सांगितलं, त्या तरी राहतील नाहीतर मी, आणि लेकीकडे, उल्काकडे, अमेरिकेत ॲन आर्बरला निघून आले. वन्सं हलल्याशिवाय परत जायचंच नाही, असं ठरवून.

उल्काच्या किचनच्या खिडकीबाहेर झुडपात एक पिवळीधमक पक्षीण घरटं करत होती. लिंबाएवढा जीव. यलो वॉर्बलर म्हणे, दर उन्हाळ्यात दक्षिणेकडून एवढ्या लांब येते, तेही व्हिसाशिवाय. नवरा छातीवर कुंकवाचे ओघळ मिरवत शेंड्यावर गात बसलेला. काडी न् काडी आणायची हिने. म्हटलं, इथेही तेच.

तिने पहिलं अंडं घातलं. दुसऱ्या दिवशी पहाटे मी चहा ठेवत होते, तर एक मोठी करडी मादी आली, घरट्यात बसली आणि मिनिटभरात आपलं अंडं घालून चालती झाली! उल्का म्हणाली, ती काउबर्ड. स्वतः घरटं बांधतच नाही, दुसऱ्यांकडून पिल्लं वाढवून घेते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. डाव घेऊन निघालेच होते, पण उल्काने दार अडवलं. घरट्याला हात लावणं इथे गुन्हा आहे म्हणे.

वॉर्बलरने आदळआपट केली नाही. एवढ्याशा चोचीने ती धोंड उचलणार तरी कशी? तिने गवत आणलं, कापूस आणला आणि त्या अंड्यावर सरळ नवा तळ घातला. खाली तिचं स्वतःचं अंडंही गाडलं गेलं. खरंच सांगते, खिडकीशी उभी राहून रडले मी. काही दिवसांनी वर नवी अंडी दिसली.

त्याच दिवशी ह्यांना फोन केला. म्हटलं, गवंडी बोलवा, गच्चीवर दोन खोल्या चढवा, जिना बाहेरून काढा. वन्संना काही बोलायचं नाही म्हटल्यावर ह्यांचा जीव भांड्यात पडला. लगेच म्हणाले, ताईला वर पाठवू.

"वर मी राहणार. त्यांना खाली सुखाने नांदू द्या."

"आणि मी?"

मग पक्षिणीची सगळी हकीकत सांगितली, गाडलेल्या अंड्यासकट. म्हटलं, "त्या अंड्याला पाय नव्हते. तुम्हाला आहेत."

आठवडाभर फोन नाही. मी उल्कासमोर तोरा दाखवत होते, पण आतून पार घाबरले होते. रविवारी फोन वाजला. गवंडी विचारतोय, ओटा कुठल्या बाजूला हवा, हे म्हणाले. मग घसा खाकरून हळूच म्हणाले, "आणि जिना जरा रुंद घ्यायला सांगितलाय. आपला पलंग वर न्यायचाय."