भरतभाऊ म्हणतील तसं

बाजीराव खरात जळालेली मोटार पुन्हा बोलती करायचा, पण स्वतः मात्र चारचौघांत कधी बोलायचा नाही. पिंपळवंडीच्या स्टँडजवळ त्याचं रिवायंडिंगचं दुकान. विहिरीवरच्या पंपाची मोटार जळाली की माणूस आधी त्याच्याकडे येई. तांब्याच्या तारेचे वेढे तो असे भरी, की मोटार पुढची पाच-सहा वर्षं कुरकुर करत नसे. पण गिऱ्हाईकानं वर आवाज केला की हा आपला मान खाली घालून गप्प. त्याची बायको चिमाबाई वैतागून म्हणायची, "अवं, चूक त्यांची, आन मान तुमी कशापायी खाली घालता?" त्यावर बाजीराव पुन्हा तारेचे वेढे भरायला लागे.

दुकानाचा गाळा भरत काकडे यांचा होता. बाजीरावचा बाप काकड्यांच्या मळ्यात जन्मभर राबला. बाजीरावनं मात्र आयटीआय केलं, हातात धंदा घेतला, आणि गावात कुणी जागा देईना तेव्हा भरतभाऊंनी स्वतःहून गाळा उघडून दिला. दोघं एकाच वयाचे, शाळेत एकाच वर्गात होते. तरी भरतभाऊ त्याला 'अरे बाजीराव' म्हणत आणि हा त्यांना 'तुमी भाऊ' म्हणे. कुणी तसं ठरवलं नव्हतं. चालत आलं होतं.

भरतभाऊ एके काळी जिल्ह्याच्या संघातून कबड्डी खेळलेले. गुडघा गेला आणि खेळ सुटला, पण नाद सुटला नाही. शाळेमागच्या मोकळ्या जागेत त्यांनी पोरं जमवली, खटपटी करून मॅट मिळवली. बाजीरावचा मुलगा प्रबुद्ध दहा वर्षांचा असताना तिथं गेला. त्याचं अंग काही भारी नव्हतं, पण डाव्या कोपऱ्यात उभा राहिला की चढाई करणाऱ्याच्या पायावरची त्याची नजर हलायची नाही. घोटा त्याच्या हातात आला की सुटत नसे. त्याचे बूट, त्याचं दूध, स्पर्धेला जायला गाडी, सगळं भरतभाऊंनी पाहिलं. त्यांचा पुतण्या सार्थक चढाईपटू होता, प्रबुद्धपेक्षा तीन वर्षांनी लहान. काकड्यांच्या घरी दोघांची ताटं शेजारी-शेजारी लागायची. असं सगळं असताना बाजीरावनं कुठल्या तोंडानं काही म्हणावं?

पाच वर्षांपूर्वी पेठच्या यात्रेतल्या स्पर्धेत प्रबुद्धनं एकाच सामन्यात मोठ्या संघांकडून खेळणाऱ्या तीन नावाजलेल्या गड्यांचे घोटे धरले. टीव्हीवर दिसणाऱ्या मोठ्या लीगमधल्या इंदूरच्या संघाचा माणूस तिथं बसलेला होता. आठवड्याभरात फोन आला. बावीस वर्षांखालच्या नव्या खेळाडूंना संघ लिलावाशिवाय थेट दोन वर्षांचा करार देऊ शकत होते, आणि प्रबुद्धला एकविसावं सरत आलं होतं.

"कराराचं म्या बघतो," भरतभाऊ म्हणाले. "त्यात लई मेखा असत्यात. नवख्या पोराला गुंडाळत्यात ही मानसं. बाजीराव, तू काळजी करू नको."

बाजीरावला खरंच काळजी वाटली नाही. भाऊंच्या हातात गेलं म्हणजे झालंच.

त्याच दरम्यान एका दुपारी दुकानात त्याला पुण्याहून अमृता नावाच्या बाईंचा फोन आला. त्या वकील होत्या, खेळाडूंच्या वतीनं संघांशी करार ठरवणं हेच त्यांचं काम. राज्य संघाच्या प्रशिक्षकानं त्यांना नंबर दिला होता.

"काका, प्रबुद्धच्या बाजूनं कोण बोलणार आहे?"

"भरतभाऊ हायेत की."

"त्यांचा पुतण्याही खेळतो ना?"

"व्हय, सार्थक. लई गुनी पोरगं."

त्या जपून म्हणाल्या, "भरतभाऊ चांगलेच असतील. पण एकाच माणसानं दोघांची बाजू मांडली, की एकाचं माप कधी ना कधी दुसऱ्याच्या पारड्यात पडतं. मला नका नेमू, पण प्रबुद्धचा असा स्वतंत्र माणूस बघा. त्याच्या वयाला हीच एक संधी आहे."

"सांगतो भाऊंना," बाजीराव म्हणाला. पण सांगितलं नाही. भाऊंना असं विचारणं म्हणजेच त्यांच्यावर संशय घेणं, असं त्याला वाटलं. त्यानं तो फोन मनातच पुरला.

बोलणी येडगाव धरणाच्या काठच्या एका हॉटेलात झाली. इंदूरहून संघाचे मॅनेजर आले होते. इंदुरातच वाढलेले मराठी गृहस्थ, बोलताना मधूनच हिंदी यायची. बरोबर लॅपटॉप घेतलेला एक तरुण वकील. इकडून भरतभाऊ, प्रबुद्ध आणि बाजीराव. सार्थक नव्हता, त्याला या बैठकीचा पत्ताही नव्हता.

भरतभाऊ बोलायला लागले आणि बाजीरावची छाती अभिमानानं भरून आली. खेळताना हाडबीड मोडलं तर दवाखाना कुणाचा? दुखापतीमुळे बाहेर बसावं लागलं तर करार चालू राहणार का? मधेच काढून टाकलं तर काय? सराव नसतो तेव्हा पोरानं गावच्या स्पर्धा खेळल्या तर चालतील का? एकेक कलम त्यांनी वाजवून घेतलं. मॅनेजर बहुतेक ठिकाणी "ठीक है, मान्य" म्हणत गेले आणि वकिलाची बोटं चालत राहिली. प्रबुद्ध ताटातल्या माशाला हातही न लावता ऐकत होता. कान लाल झाले होते त्याचे. लहानपणी आनंद झाला की व्हायचे तसेच.

मग भरतभाऊंनी पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाले, "हे एकाचं झालं. आता दुसऱ्याचं."

"दुसरा कोण?"

"आमचा सार्थक. जोडी हाय ही."

मॅनेजर थोडं हसले. "भरतजी, सार्थकला मी पाहिलाय. चांगला आहे, पण कच्चा आहे अजून. आम्हाला कॉर्नर पाहिजे. नव्या खेळाडूची एकच जागा आहे माझ्याकडे."

"जागा करा. प्रबुद्धसारखा कोपरा तुमाला दुसरा घावायचा न्हाई, हे तुमालाबी ठाऊक हाय. दोघं घ्या, न्हाईतर कुनीच न्हाई."

प्रबुद्धनं मान वर केली. बाजीरावला वाटलं, भाऊ दरडावून बघतायत, आता मागं येतील. पण भाऊ मागं आले नाहीत. मॅनेजरनं दोन-तीनदा समजावलं, हे ढिम्म हलेनात. शेवटी मॅनेजरनं खुर्ची वळवली आणि थेट बाजीरावकडे पाहिलं.

"वडील काय म्हणतात?"

टेबलाखाली प्रबुद्धचा गुडघा त्याच्या गुडघ्याला टेकला होता. 'माझ्या पोराला एकट्याला घ्या' एवढे चार शब्द बोलायचे होते. ते त्यानं मनात जुळवलेही. पण समोर भाऊ बसले होते. गाळा देणारे, पोराला बूट घालणारे, त्याला घरचं ताट वाढणारे. त्यांच्या तोंडावर, परक्या माणसांसमोर, त्यांचा शब्द मोडायचा?

"भरतभाऊ म्हणतील तसं," बाजीराव म्हणाला.

टेकलेला गुडघा बाजूला झाला.

मॅनेजर वकिलाला म्हणाले, "बंद कर." उठताना त्यांनी बाजीरावच्या हातात आपलं कार्ड ठेवलं. "सोमवारपर्यंत कळवा."

परतताना जीपमध्ये भरतभाऊ खुशीत होते. "बघशील तू, शनिवारी त्यांचाच फोन येतोय. गरज त्यास्नी हाय. सौद्यात जो आधी बोलला तो गेला." मागच्या सीटवर प्रबुद्ध काचेला डोकं टेकवून धरणाचं पाणी बघत बसला होता.

चिमाबाईनं सगळं ऐकलं आणि हातातलं पातेलं आदळलं. "आन तुमी काय बोललात?"

बाजीरावनं सांगितलं.

"पोरगं तुमचं का त्यांचं? अवं, भीड भिकेची भैन असती! आत्ताच्या आत्ता फोन लावा त्या मानसाला."

"भाऊंना कळलं तर..."

"कळूंद्या!"

त्यानं लावला नाही. शनिवारी फोन आला नाही, रविवारीही नाही. सोमवारी दिवसभर तो एकाच मोटारीचे वेढे पुन्हा पुन्हा उसवून भरत राहिला. मंगळवारी सकाळी मात्र त्याला राहवेना. दुकानाच्या मागं जाऊन, उसाच्या कडेला उभं राहून त्यानं कार्डावरचा नंबर लावला.

"काका, जागा भरली," मॅनेजर म्हणाले. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "हरियाणाचा मुलगा घेतला. तुमच्या मुलाच्या पासंगालाही पुरत नाही, पण काय करणार. मी मुद्दाम तुम्हाला विचारलं होतं, काका. तुम्ही एकट्या प्रबुद्धला हो म्हटलं असतं, तर तिथंच सही घेतली असती."

हे बोलणं बाजीरावनं चिमाबाईला सांगितलं, प्रबुद्धला नाही.

पुढच्या वर्षी प्रबुद्धला बावीस पूर्ण झाली. आता थेट करार नाही, खुला लिलाव. क्लबाच्या खोलीत सगळी पोरं टीव्हीसमोर बसली होती. नावं येत गेली, लिलाव संपला, प्रबुद्धचं नाव कुणी पुकारलंच नाही. तो उठला आणि म्हणाला, "चला रे, मॅट झाडायची हाय."

त्यानंतर दोन वर्षं सार्थक रोज संध्याकाळी प्रबुद्धवर चढाई करायचा आणि रोज त्याचा घोटा प्रबुद्धच्या हातात सापडायचा. सापडता सापडता तो निसटायला शिकला. त्याचं बाविसावं लागायच्या आत दुसऱ्या एका संघानं त्याला चाचणीतून उचललं. गावात मिरवणूक निघाली. सार्थक गाडीतून उतरून आधी प्रबुद्धच्या पाया पडला, आणि प्रबुद्धनं त्याला खांद्यावर घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाजीरावला ते बघवेना. तो दुकानात शिरला आणि त्यानं शटर अर्धं खाली ओढलं.

प्रबुद्ध मंचरच्या एका शाळेत खेळाचा शिक्षक झाला. संध्याकाळी गावात येऊन क्लबाची पोरं घडवायचा. तो कधी कुढताना दिसला नाही. एकदा जेवताना बाजीरावनं विषय काढायचा प्रयत्न केला, "त्या दिवशी येडगावला मी..." तर प्रबुद्ध "भाकरी वाढ गं आई" म्हणाला. तिथंच ते राहिलं.

यंदा हिवाळ्यात एका सकाळी भरतभाऊ दुकानात आले आणि बाकावर बसले. बाजीरावनं चहा मागवला. भाऊंचा चेहरा उतरलेला होता.

"सार्थकचा करार सपला. नवा करायचाय," ते म्हणाले. "म्या म्हनलं, येतो बोलाया. तर म्हनतो कसा, काका, तुमी नका येऊ, माझा वकील बघंल. मागं येडगावला तुमी प्रबुद्धचं काय केलं ते मला कळलंय."

बाजीराव हातातली तार सरळ करत राहिला.

"बाजीराव, खरं सांग. तवा म्या चुकलो का रे?"

याआधी असं कुणी विचारलं असतं, तर बाजीराव 'नाय भाऊ, तसं काय न्हाई' म्हणाला असता. ते शब्द त्याच्या तोंडात तयारच असायचे. पण आज तोंडून दुसरंच आलं.

"व्हय भाऊ. चुकलात."

भरतभाऊंनी वर पाहिलं.

"माझ्या पोराच्या जिवावर तुमी तुमच्या पुतन्याचं बघितलं. आन म्या बघू दिलं. तुमच्यापरीस माझी चूक मोठी, मी बाप व्हतो. पन तुमीबी चुकलात."

"पाच वर्सं हे मनात ठिवलंस?" भरतभाऊंचा आवाज बसला होता. "माझ्याबरुबर चा पीत?"

"बोलायचा धीर झाला न्हाई, भाऊ."

भरतभाऊ उठले. पायरी उतरताना त्यांचा दुखरा गुडघा अडखळला. बाजीराव हात द्यायला पुढं झाला, तोवर ते सावरून चालूही लागले होते. चहा आला तेव्हा बाकावर कुणी नव्हतं.

त्या दुपारी बाजीरावला खूप दिवसांनी हलकं वाटलं. पोटभर जेवला, झोपलाही. चिमाबाईला सांगितलं तेव्हा ती नुसती "बरं झालं" म्हणाली. पण संध्याकाळी प्रबुद्ध क्लबातून तडक दुकानात आला. हेल्मेटही काढलं नव्हतं.

"आबा, भाऊंना काय बोललात तुमी? ग्राउंडवर येऊन नुसते बसून व्हते. पोरांकडं बघंनातसुदिक."

"खरं तेच बोललो."

"आता?"

बाजीरावनं हातातलं फडकं खाली ठेवलं.

"तवा बोलला असता तर माझ्या उपेगी पडलं असतं. मी तुमच्याकडंच बघत व्हतो, आबा. तुमी नुसतं हूं म्हनला असता, तरी म्या बोललो असतो." प्रबुद्धचा आवाज चढला नाही. "आज बोलून तुमी फक्त तुमचं वझं उतरवलं. त्या मानसानं मला हाताला धरून शिकवलंय."

"तुला राग न्हाई त्यांचा?"

"हाय की. लई हाय. पन तो माझा राग हाय. तुमी कशाला वापरलात?"

तो बाहेर पडला. बाजीराव शटर न ओढता, दिवा न लावता तसाच बसून राहिला. आपण पोरासाठी बोललो, असं त्यानं दिवसभर स्वतःला सांगितलं होतं. आता ते त्याला पुन्हा म्हणता येईना.

दुसऱ्या दिवशी प्रबुद्ध शाळेतून लवकर आला, काकड्यांच्या घरी गेला आणि भरतभाऊंना मोटारसायकलवर मागं बसवून ग्राउंडवर घेऊन आला. तेव्हापासून रोजचं तसंच ठरून गेलंय. संध्याकाळी दोघं दुकानावरून जातात. भाऊ पूर्वीसारखंच "जय भीम, बाजीराव" म्हणतात, हाही हात वर करून "रामराम भाऊ" म्हणतो. गाळा त्यांनी परत मागितला नाही, भाड्याचंही काढलं नाही. फक्त चहाला म्हणून ते आता थांबत नाहीत, आणि प्रबुद्धही गाडीचा वेग कमी करत नाही.