मेलेल्या मुकादमाची शीट

"मागे सरा! मागे सरा! आत्म्याला हवा लागते!"

भुतं उतरवणारा आकडेबाबा ओरडला आणि लाकडाच्या गिरणीतले सगळे कामगार एकमेकांच्या पायांवर पाय देत मागे सरले. कुणाच्या हातात पहार, कुणाच्या हातात कुऱ्हाडीचा दांडा. सगळ्यांचे डोळे समोरच्या काचेच्या केबिनकडे लागलेले. केबिनला बाहेरून कुलूप होतं. आत टेबलावर मुकादमाचा कॉम्प्युटर होता, पण त्याला ना कीबोर्ड ना माऊस. मॅनेजरने ते दोन्ही मुकादमाची आठवण म्हणून काढून नेलेले. क्रेनवरून सुटलेल्या ओंडक्याखाली मुकादम चिरडून मेला, त्याला महिना झाला होता. तेव्हापासून त्याचा कॉम्प्युटर आपोआप त्याच्या मारेकऱ्यांची नावं लिहितो, असं सगळी गिरणी शपथेवर सांगत होती.

गर्दीच्या कडेला एक बाई उभ्या होत्या. मुलींच्या शाळेत त्या कॉम्प्युटर शिकवायच्या. त्यांचा धाकटा भाऊ इथे करवतींना धार लावायचा, म्हणून त्याला सगळे धारवालाच म्हणत. सकाळी त्याचा फोन आला होता. "ताई, आज एकदा येऊन जा. लोक माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघताहेत." बाई वर्ग अर्धा टाकून तशाच निघाल्या होत्या.

"बाळांनो, शरीर म्हणजे काय?" आकडेबाबाने हात उंचावले. त्याच्या गळ्यात जुन्या कीबोर्डच्या बटणांची माळ होती, ती खुळखुळली. "शरीर म्हणजे फाइल! आणि आत्मा? आत्मा म्हणजे डेटा! फाइल जळते, डेटा जळत नाही! उभा रकाना म्हणजे जन्म, आडवी ओळ म्हणजे मरण. दोन्ही छेदतात त्या चौकोनात कोण बसलंय?"

"मुकादम!" गर्दी गरजली.

"त्याला बोलता कधी येतं? मरून पुन्हा जन्मला की! क्रेनवाल्या, घे त्याचा जीव!"

क्रेनवाला म्हणजे मुकादमाचा मेहुणा. आडदांड माणूस, पण महिनाभरात निम्मा झालेला. त्याने केबिनबाहेरच्या भिंतीवरचं बटण बंद केलं. केबिनमधला पडदा काळा पडला. बाबा डोळे मिटून काहीतरी पुटपुटला आणि मेहुण्याने बटण चालू केलं. यंत्र घरघरलं, पडदा उजळला, आणि कुणाचाही हात न लागता एक शीट उघडली. गर्दीच्या अंगावर काटा आला.

आता ज्या आत्म्याला बंद काचेतून आत शिरता येतं, त्याला लाइटचं बटण कशाला लागतं? हे विचारायची कुणाची छाती नव्हती. कारण गेल्या खेपेला पडद्यावर पैलवानाचं नाव आलं होतं. ओंडके उतरवणारा हा गडी दोन माणसांचं काम एकटा करायचा. त्याचा उजवा हात ओंडक्यावर ठेवून मेहुण्याने त्यावर घण घातला होता. बोटांच्या हाडांचा चुरा झाला. आणि गंमत बघा, तोच पैलवान आज प्लास्टरातला हात गळ्यात अडकवून सगळ्यांपुढे उभा होता आणि सगळ्यांत मोठ्याने ओरडत होता. त्याचं म्हणणं एकच. "पडदा कशाला खोटं बोलेल? माझंच काहीतरी चुकलं असेल."

शीटवर एकच शब्द होता, तळहाताएवढ्या अक्षरांत.

धारवाला.

बाईंना काही कळायच्या आत गर्दी फिरली. कुणीतरी धाकट्याच्या पोटात लाथ घातली. तो वाकला तसा पाठीत दांडा बसला, मग तोंडावर बुक्की. तोंडातून रक्त आणि दाताचा तुकडा एकदमच बाहेर आला. "अरे ऐका!" तो विव्हळला. "क्रेनची साखळी झिजली होती! मी मॅनेजरला सांगितलं होतं, पैलवानानेही सांगितलं होतं! परवा कारखान्यांचा इन्स्पेक्टर येणार आहे, त्याला विचारा की!"

"ज्या हाताने दगा दिला तो हात मुकादम मागतोय!" बाबा किंचाळला. "करवतीवर घ्या!"

चौघांनी त्याला फरफटत मोठ्या करवतीपाशी नेलं. उजवा हात मनगटाला धरून लाकडाच्या जागी टेकवला. कुणीतरी करवत सुरू केली. रोज सकाळी त्याने स्वतः धार लावलेलं पातं, लोण्यासारखं लाकूड कापणारं, ते आता त्याच्याच मनगटापासून वीतभर लांब गरगरत होतं.

"ताई!" धाकटा लहानपणी विहिरीत पडला होता तेव्हा ओरडला होता, तसाच ओरडला.

बाई गर्दीत घुसल्या. कुणाचं तरी कोपर लागून त्यांचा ओठ फुटला. एकाने पदर ओढला, दुसऱ्याने दंडाला धरून मागे फेकलं. त्या भिंतीवर आपटल्या, आणि आपटल्या ते बरं झालं, कारण डोक्याशीच शेडचा मेन स्विच होता. त्यांनी दोन्ही हातांनी दांडी खाली ओढली. करवत कुरकुरत थांबली. दिवे गेले, पंखे थांबले. एकाने येऊन बाईंच्या खाड्कन मुस्कटात मारली.

"मारा!" बाई म्हणाल्या. कान बधिर झाला होता, पण आवाज चढलेलाच. "आणखी मारा! मीही इथेच आहे, माझा भाऊही इथेच आहे, पळून कोण जातंय? हात तोडायचाच आहे तर मुकादमाला एक प्रश्न विचारून तोडा. की मुकादम फक्त नावंच सांगतो?"

"आत्म्याची परीक्षा घेतेस, बये?" बाबाने माळ घट्ट धरली.

"तुमची घेते. क्रेनवाले, तुम्ही मुकादमाचे मेहुणे. घरात चारचौघं नसताना ते तुमच्या बहिणीला काय म्हणायचे, हे तुम्हाला ठाऊक असेल?"

मेहुण्याने तोंड पुसलं. "असेल."

"मग विचारा. तोच लिहितोय ना? बायकोचं लाडकं नाव विसरणार नाही तो."

गर्दी घुटमळली. मेहुणा बाबाकडे वळून म्हणाला, "विचारू द्या. दाजी असतील तर सांगतील." त्याने आधी करवतीचं बटण बंद केलं, मग मेन स्विच वर केला आणि बाबाला प्रश्न विचारायला लावला. केबिनमधला कॉम्प्युटर एकदा मारून झाला, जिवंत करून झाला. पडद्यावर धारवाला. पुन्हा मारला. पुन्हा धारवालाच.

"आत्मे घरगुती गोष्टी बोलत नाहीत," बाबा घाम पुसत म्हणाला. "वरच्या पातळीवर गेले की संसार सुटतो."

"संसार सुटला आणि धारवाला तेवढा नाही सुटला?" बाईंनी फुटलेल्या ओठावरचं रक्त थुंकलं. "बरं, दुसरं सांगा. कॉम्प्युटरच्या मागून दोन वायरी निघतात. काळी विजेची, ती कळली. ही निळी कुठे जाते?"

बाबा माळेची बटणं चाचपू लागला. पंधरा घरांत भूत उतरवून आलेला माणूस, पण निळ्या वायरीवर त्याच्याकडे मंत्र नव्हता.

"क्रेनवाले, चला माझ्याबरोबर. आणि तुम्ही सगळे," बाई करवतीपाशी उभ्या असलेल्यांकडे वळल्या, "मी परत येईपर्यंत त्या बटणाला कुणी हात लावला तर बघा."

निळी वायर केबिनच्या छतातून बाहेर पडली होती. ओंडक्यांच्या राशींवरून, सालींच्या ढिगावरून ती अंगण ओलांडून थेट ऑफिसच्या खिडकीत शिरत होती. मेहुण्याने दाराला खांदा दिला. कडी तुटून दार भिंतीवर आदळलं आणि मॅनेजर खुर्चीतून ताडकन उठला.

"कामाच्या वेळेत काय धिंगाणा लावलाय! तुमच्या भुताखेतांत मला ओढू नका, मी सुशिक्षित माणूस आहे!"

त्याच्या पडद्यावर एक फाइल उघडी होती. एकच शीट, आणि शीटच्या चौकोनात एकच शब्द होता. धारवाला.

मेहुणा त्या शब्दाकडे बघतच राहिला. मॅनेजरने पडदा बंद करायला हात टाकला, तसा मेहुण्याने त्याच्या मानगुटीला धरून तोंड टेबलावर आदळलं. नाकातून रक्ताची धार लागली. दुसऱ्यांदा आदळणार, तेवढ्यात बाईंनी मेहुण्याचा दंड धरला. "सोडा. पोलिसांपुढे बोलायला त्याचं तोंड लागणार आहे."

"हे काय आहे, बाई? मला नीट सांगा."

"दोन फाइली आहेत. एक इथे, एक केबिनमध्ये. केबिनमधल्या चौकोनात शब्द नाहीच, नुसता पत्ता आहे. अमक्या फाइलच्या अमक्या शीटमध्ये जे असेल ते दाखव, एवढंच त्याला सांगून ठेवलंय. इथे हा लिहितो, तिथे ते उमटतं. माझ्या नववीच्या मुली करतात हे. पण केबिनमधली फाइल नव्याने उघडली की मगच ती इथे डोकावून नवं वाचते. तोवर जुनंच दाखवत बसते. म्हणून तर तुमच्या बाबाला दरवेळी यंत्र मारून जिवंत करावं लागतं. आणि तुमचा प्रश्न इथे याला ऐकूच आला नाही, म्हणून मुकादमालाही बायकोचं नाव आठवलं नाही."

मेहुण्याने आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. "पैलवानाचा हात मी..." एवढंच म्हणाला.

बाईंनी कीबोर्ड पुढे ओढला. खरं तर त्यांनी काहीही लिहिलं असतं तरी चाललं असतं. पण गाल जळत होता, कानात धाकट्याची हाक होती. त्यांनी धारवाला खोडून आकडेबाबा लिहिलं आणि फाइल सेव्ह केली. मग कीबोर्ड वायरीसकट उपटून काखेत मारला. मेहुण्याने एका हाताने मॅनेजरची कॉलर धरली आणि सगळे शेडमध्ये परत आले.

"आता मारा यंत्र," बाई म्हणाल्या.

पडदा काळा झाला, उजळला, शीट उघडली. आकडेबाबा!

बाईंना वाटलं होतं लोक हसतील. कुठलं काय! गर्दीने डरकाळी फोडली आणि बाबावर झेप घेतली. माळ तुटून बटणं भुशात उडाली. लाथा, दांडे, पहारी. पैलवानाने डाव्या हाताने घण उचलला. "मुकादमाने नाव घेतलंय! हा घ्या दगाबाज!"

बाई बाबावर आडव्या पडल्या. घण त्यांच्या डोक्याशेजारी फळीवर पडला आणि फळीच्या ढलप्या उडाल्या.

"अरे मूर्खांनो, ते नाव मी लिहिलंय!" त्या किंचाळल्या. "मुकादमाने नाही, मी! आत्ता, ऑफिसात बसून! विचारा या क्रेनवाल्याला!"

"खरंय," मेहुणा म्हणाला. "माझ्या डोळ्यांदेखत लिहिलं. आधीची नावं यानं लिहिली होती." त्याने मॅनेजरला पुढे ढकललं.

बाई उठल्या. केसात भुसा, ओठ सुजलेला. मेहुण्याने केबिनचं कुलूप फोडलं. बाईंनी केबिनमध्ये जाऊन कीबोर्ड जोडला, लपवलेली वरची पट्टी उघडी केली आणि त्या चौकोनावर आल्या. शब्दाच्या जागी पट्टीत पत्ता दिसला. आधी गणितातलं बरोबर-चिन्ह, मग चौकटी कंसात मॅनेजरच्या फाइलचं नाव, मग शीटचं नाव, शेवटी चौकोनाचा नंबर. सगळी गिरणी काचेला नाक लावून वाचत होती.

"साप साप म्हणून भुई धोपटलीत इतके दिवस," बाई म्हणाल्या. आता आवाज बसला होता. "साखळी बदलायला सांगणारे दोघं होते. दोघांचीच नावं आली. एवढंही कुणाला दिसलं नाही? आणि आता माझ्या एका शब्दावर तुम्ही या माणसाचा जीव घेत होतात. उद्या दुसरं कुणी लिहील, तुम्ही तिसऱ्याला माराल. पडद्यावर आलं म्हणजे खरं, असं नसतं रे. कुणीतरी लिहितं तेव्हाच ते येतं. आधी विचारा, कुणी लिहिलं, त्याचा यात काय फायदा. पुरावा मागा. मगच कुणावर उठा."

"तुटलेली साखळी आहे," धाकटा कण्हत म्हणाला. कुणीतरी त्याला उठवून बसवलं होतं. "मॅनेजर भंगारात देणार होता. मी भुशाच्या पोत्यांखाली लपवलीय. घासून सुतासारखी झालेली कडी तिच्यातच आहे."

पैलवान मात्र तसाच उभा होता. घण हातातून गळून पडला होता. प्लास्टरकडे बघत तो हळूच म्हणाला, "बाई, नाव तर वायरीतून आलं. घण काही वायरीतून आला नव्हता. मग माझा हात कुणी मोडला?"

ज्यांनी तेव्हा त्याचा हात धरून ठेवला होता, ते पायाखालचा भुसा बघत होते. मेहुणा पुढे आला. त्याने आपला उजवा हात ओंडक्यावर ठेवला, बोटं पसरली आणि पायाने घण पैलवानाकडे सरकवला.

"मी मोडला. घे. हो मोकळा."

पैलवानाचे डोळे भरून आले. त्याने घणाला लाथ मारून दूर ढकललं.

"हात उचल तो," तो म्हणाला. "पोलिसांकडे साखळी न्यायचीय. तिला दोन हात लागतात, माझा एकच राहिलाय."