भावकीच्या ग्रुपवरचं पान

दिंद्रुडच्या छबुबाईंनी कालपासून पाण्याला तोंड लावलं नव्हतं. लकवा मारल्यापासून शिवगंगा त्यांना सांभाळायला रोज यायची. आजही तिनं पाणी पुढं केलं, तसं त्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं.

"मावशी, अशानं परत दवाखान्यात न्यावं लागंल!"

"पिलं की गादी ओली व्हती. तू लिवतीस. मग सगळी भावकी वाचती."

डॉक्टरांसाठी ती वहीत सगळं टिपायची. काय खाल्लं, गोळी कधी दिली, गादी कितीदा बदलली. वही उशाशी खिळ्याला टांगलेली. भेटायला येणारं माणूस केळी ठेवायचं अन् लग्नपत्रिका असल्यासारखं हक्कानं वही चाळायचं. तिलाही त्यात कधी वावगं वाटलं नव्हतं. पण परवा पुतण्या विजयसिंहनं पानाचा फोटो काढून भावकीच्या ग्रुपवर टाकला, आणि शेजारची मंगल ते छबुबाईंना हसत हसत सांगून गेली.

जिच्यापुढं गावातले पुढारी मान खाली घालून उभे राहायचे, तिची ओली गादी बेचाळीस मोबाइलांत!

तेवढ्यात विजयसिंह दोन पाहुणे घेऊन आला. त्याचा हात सवयीनं खिळ्याकडं गेला.

"वही कुटं हाय?"

"माझ्या पिशवीत. डॉक्टर सोडून कुणालाच मिळणार न्हाई."

"आमचीच काकू हाय, बाई! काळजीनं टाकला फोटो. तुला लई झोंबलं? उद्यापासून येऊ नको."

शिवगंगाच्या डोक्यात सणकन तिडीक गेली. मागच्या साली याच्या ऑपरेशननंतर पंधरा दिवस ड्रेसिंग तिनंच केलं होतं. कुठल्या जागेचं, हे पाहुण्यांसमोर सांगायला एक वाक्य पुरे होतं. ते अगदी ओठांवर आलं. तिनं दात आवळले अन् नुसती त्याच्याकडं बघत राहिली.

त्याला बरोबर आठवलं. चेहरा उतरला.

"काढतो की फोटो," तो पुटपुटला.

"आता काढून काय उपेग? वाचून झालं समद्यांचं!"

"इज्या," छबुबाईंचा आवाज आला. जीभ जड होती, पण जरब तीच. "भाईर हो. गंगा उद्याबी यील. तू येऊ नको."

शिवगंगानं तिघांच्या तोंडावर दार लावलं. छबुबाईंनी पाणी मागितलं, पण दोनच घोट घेतले.

"अजून घ्या की, मावशी."

"न्हाई. त्याचा येवढा न्हाई, तुझा राग हाय मला. वही तूच टांगली व्हतीस."

शिवगंगानं उशाजवळचा खिळा हलवून हलवून उपटून काढला.