माझे हँडल घट्टच होते

मित्रांनो, शर्यतीची सायकल म्हटली की तुमच्या डोळ्यांपुढे रस्ता येईल. मी मात्र आयुष्याची पाच वर्षे मोटारीच्या टपावर काढली. मी एक जुनी, जादाची सायकल आहे. शर्यतीत संघातल्या कोणाची सायकल मोडली, तर ताबडतोब त्याच्या हाती द्यायची ती जादाची. तोवर टपावर पट्ट्यांनी बांधून घ्यायचे आणि वारा खायचा. माझी चाके फिरत, तीही वाऱ्यानेच.

मला घडवले कारखान्याने, पण माझ्यात जीव ओतला तो मामांनी. मामा आमच्या संघाचे मिस्त्री. सगळ्यांचेच ते मामा, पण एकाचे अगदी सख्खे. तो त्यांच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. चढ लागला की त्याच्या अंगात वारे शिरे, म्हणून त्याचे नाव पडले डोंगऱ्या. माझी बैठक त्याच्याच मापाची होती. म्हणजे मी डोंगऱ्याची जादाची.

मामांना दोन सवयी होत्या. बोल्ट आवळला की ते बारीक कुंचल्याने पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढत, अर्धी बोल्टवर आणि अर्धी शेजारच्या भागावर. "बोल्ट केसभर फिरला तरी रेघ तुटते," ते म्हणत. "माणूस खोटं बोलेल, रेघ नाही बोलायची." दुसरी सवय पडलेल्या सायकलीची. आमचे अंग कार्बनच्या धाग्यांचे असते. वरचा रंग शाबूत राहतो आणि आतून तडा जातो. म्हणून मामा पडलेल्या सायकलीला कान लावत आणि बोटाच्या पेराने तिच्या अंगभर ठोकत. अंग धड असेल तर आवाज खणखणीत येई. फुटले असेल तर बद्द. मडके घेताना वाजवून घेतात ना, तसेच. एरवी काम करताना ते देवाचे काहीतरी गुणगुणत असायचे. ठोकताना मात्र गाणे थांबे आणि डोळे मिटलेले असत.

कार्यशाळेच्या दारावर एक फोटो होता. खांद्याचे हाड मोडलेले असताना शर्यत पुरी केलेला एक जुना शर्यतपटू, गळ्यात हार. येणारे-जाणारे त्या फोटोला हात लावून जात. मलाही तो फार आवडे. एकदा मामा म्हणाले, "हा दोन महिन्यांपूर्वी भेटला मला. हात वर जात नाही. शर्ट बायको घालून देते. त्या हाताचा फोटो कोण लावणार?" पण टपावर बसून स्वप्ने बघणाऱ्या सायकलीला असले बोलणे कशाला ऐकू येईल?

मी रोज मागत असे, "देवा, एकदा तरी मला रस्त्यावर उतरव." आपण काय मागतो आहोत, हे मला कळत नव्हते. माझी पाळी यायची तर कोणीतरी पडायला हवे होते.

देवाने ऐकले. शर्यतीचा सातवा, शेवटचा दिवस. डोंगऱ्या दुसरा होता, पहिल्यापेक्षा फक्त एकोणीस सेकंद मागे. पुढे एक लांब चढ, मग वेडावाकडा उतार आणि मग शेवटची रेषा. चढाच्या अलीकडे पेट्रोल पंपाजवळ वळणावर खडी सांडलेली होती. तिथे पाच जण एकमेकांवर कोसळले. मोटार थांबते न थांबते तोच मामांनी मला खाली उतरवले. डोंगऱ्या उभा राहिला होता. चड्डी मांडीवर फाटलेली, कोपर सोललेले.

"बरा आहेस ना?"

"बरा आहे, बरा आहे! दे लवकर!"

मामांनी पाठीला हात लावून त्याला ढकलले आणि आम्ही निघालो. शर्यतीबरोबरच्या डॉक्टरबाई मागे राहिल्या. तिथे एकाचा हात मोडला होता. मित्रांनो, खोटे कशाला सांगू? त्या क्षणी मला फक्त आनंद झाला होता. पाच वर्षांनी माझ्या चाकांना रस्ता लागला होता!

पण जो आपल्यावर बसतो, त्याचे मन सायकलीला पाठीवरून कळते. डोंगऱ्या सारखा डावीकडे झुकत होता. चढावर, जिथे गरजच नाही, तिथे त्याची बोटे ब्रेक आवळत होती. त्याने शेजारच्या सोबत्याला विचारले, "किती राहिले?"

"एकोणतीस किलोमीटर."

थोडे पुढे जाताच पुन्हा, "किती राहिले रे?"

"आत्ताच सांगितलं ना बाबा! कान घरी विसरलास का?" सोबती हसला. तिसऱ्यांदा तोच प्रश्न आला, तेव्हा मात्र तो हसला नाही.

तिकडे मोटारीत काय घडले, ते मामांनी पुढे रात्रंदिवस स्वतःलाच सांगितले, म्हणून मला ठाऊक आहे. मागच्या सीटवर बसून ते डोंगऱ्याची पडलेली सायकल ठोकून बघत होते. वरून ओरखडासुद्धा नव्हता, पण पुढच्या नळीवर आवाज आला, बद्द. त्यांचा हात तिथेच थांबला. सायकलीला आपण कान लावला आणि पोराला नुसते विचारले!

"साहेब, त्याला थांबवा," मामा म्हणाले. साहेब म्हणजे संघाचे प्रमुख. तेच मोटार चालवत होते.

"तो स्वतः म्हणाला ना, बरा आहे म्हणून?"

"ह्या सायकलीला विचारलं असतं तर तीही म्हणाली असती, बरी आहे."

"मामा, एकोणीस सेकंद! वर्षभर राबलाय तो. मी थांबवलं तर जन्मात माझं तोंड बघायचा नाही. डॉक्टरबाई येऊ द्या, त्या ठरवतील."

"त्या येईपर्यंत उतार लागेल, साहेब."

साहेब वाईट नव्हते. त्यांनाही त्याची काळजी होती. पण वर्षभराची मेहनत एका शब्दाने पुसायला जीभ रेटत नाही. त्यांनी मोटार आमच्या शेजारी आणली, एवढे मात्र केले. चढ संपतच आला होता. मामांनी खिडकीतून अर्धे अंग बाहेर काढले.

डोंगऱ्याच आधी बोलला, "मामा, हँडल डुगडुगतंय."

मामांनी हात लांब करून माझे हँडल धरले. मी खडकासारखी घट्ट होते. मामांच्या अंगठ्याशेजारी त्यांनीच ओढलेली पांढरी रेघ होती, अखंड. त्यांनी ती पाहिली. माझ्यात काहीच डुगडुगत नव्हते.

माझ्या अंगावर त्यांचा हात क्षणभर तसाच राहिला. मग आयुष्यात कधी सायकलीबद्दल खोटे न बोललेला तो माणूस म्हणाला, "हो रे बाळा, ढिलं झालंय. बाजूला घे."

"पण मामा..."

"पण नाही नि बिण नाही. उतारावर निसटलं तर दरीत जाशील. घे बाजूला."

आणि तो थांबला! डोक्यासाठी जो थांबला नसता, तो हँडलसाठी थांबला. रस्त्याकडेच्या दगडावर बसला आणि म्हणाला, "मामा, आई कुठे गेली?" त्याची आई तर चार गावे पलीकडे, आपल्या घरी होती. मग त्याला उलटी झाली. डॉक्टरबाई आल्या. 'बरे वाटते का' असे त्यांनी विचारलेच नाही. त्याच्या डोळ्यांत बॅटरीचा उजेड टाकला आणि थेट स्ट्रेचर मागवले. कवटीच्या आत रक्त साकळत होते. "आणखी एक आपटी बसली असती, तर..." त्या मामांना म्हणाल्या आणि त्यांनी वाक्य पुरे केले नाही.

डोंगऱ्या वाचला. बदनाम झालो ते मी आणि मामा. अहवालात लिहिले गेले, 'हँडल ढिले, मिस्त्रीचा हलगर्जीपणा.' खाली मामांनी मुकाट्याने सही केली. पुढच्या हंगामात पोरे त्यांच्या देखतच हँडल हलवून बघू लागली. "काय मामा, आज तरी घट्ट आहे ना?" मामा म्हणत, "बघून घे बाबा."

डोंगऱ्या सहा आठवडे अंधाऱ्या खोलीत पडून होता. पुढच्या वर्षी तो पुन्हा शर्यतीत उतरला, पण मामांशी शब्द बोलला नाही. मला तर त्याने नजरेसमोरही येऊ दिले नाही. मी कार्यशाळेच्या खिळ्यावर लटकले. धूळ बसली, टायर सुकले. डोंगऱ्या अजून अंधाऱ्या खोलीत होता, तेव्हा एकदा त्याची आई कार्यशाळेत येऊन भावाला म्हणाली होती, "दादा, सांगून टाक ना खरं." मामा म्हणाले, "नको. आधी पुरता बरा होऊ दे. माझ्यावर राग आहे तोवर तो स्वस्थ पडेल. 'हँडल नव्हे, डोकंच कच्चं पडलं' असं कळलं, तर ते पक्कं आहे हे दाखवायला उद्याच उठून धावेल."

दोन वर्षे गेली. एके दुपारी डोंगऱ्या सुटे भाग शोधत आला. माझे हँडल काढायला त्याने बोल्टला पाना लावला आणि तो थांबला. त्याने अंगठ्याने धूळ पुसली. खाली पांढरी रेघ होती, केसभरही न तुटलेली.

त्याने हँडल दोन्ही हातांनी हलवून पाहिले.

"मामा, हे ढिलं नव्हतंच."

"नव्हतंच," मामा हातातले काम न थांबवता म्हणाले.

"मग खोटं का बोललास?"

"खरं सांगितलं असतं तर थांबला असतास?"

डोंगऱ्याने पाना खाली ठेवला. मग मामांपुढे येऊन त्याने मान खाली घातली. "वाजवून बघ."

मामांनी हात पुसले, डोळे मिटले आणि बोटाच्या पेराने त्याच्या डोक्यावर हलकेच ठोकले. "रिकामं आहे," ते म्हणाले, "पण फुटलेलं नाही." दोघे हसले आणि हसता हसता दोघांनीही डोळे पुसले. माझे हँडल जिथल्या तिथे राहिले. आता डोंगऱ्या रविवारी मला घेऊन आईकडे जातो, अगदी सावकाश.

मित्रांनो, पडलेल्याने पुढे जावे की थांबावे, हे ठरवणारी मी कोण? जिद्द मलाही प्रिय आहे. उगाच नाही मी टपावर पाच वर्षे वाट पाहिली. पण ज्या डोक्याने निवाडा द्यायचा, तेच आपटले असेल, तर त्याचा निवाडा मानायचा कसा? देवाने माणसाच्या डोक्यावर पांढरी रेघ ओढलेली नाही. आत काही सरकले, तर ते शेजारच्यालाच पाहावे लागते.

म्हणून एवढीच विनवणी. कोणी पडले, तर 'बरा आहेस ना' असे विचारून मोकळे होऊ नका. त्याच्याजवळ बसा, त्याच्या डोळ्यांत पाहा, त्याला चार शब्द बोलायला लावा. सायकल तशीच आडवी राहू द्या. वाट पाहायची आम्हाला सवय असते.